डीजे-प्रोड्युसर व्हायचंय? गिगची वही वेगळी, ट्रॅकची वही वेगळी

इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकमध्ये काही करायचं म्हणणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कंट्रोलर, म्हणजे गाणी मिसळायचं बटणांचं यंत्र, कोणता घेऊ? त्याचं उत्तर पुढे आहेच, पण आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. हा एक धंदा नाही, दोन आहेत. डीजे तयार गाणी निवडतो, एकातून दुसऱ्यात नेतो आणि समोरच्या गर्दीला रात्रभर नाचतं ठेवतो. प्रोड्युसर घरी बसून गाणं बनवतो. पहिल्या कामाचे पैसे त्याच आठवड्यात हातात पडतात, निदान पडायला हवेत. दुसऱ्या कामाचे पैसे वर्ष-दोन वर्षं दिसतही नाहीत. पण पोस्टरवर नाव मोठ्या अक्षरात छापलं जातं ते त्याच कामामुळे.

गडबड होते ती या दोन्हींचा हिशेब एकत्र ठेवल्याने. लग्नसराईत महिनाभर बुकिंग भरलेलं असतं, म्हणून चांगलं चाललंय असं वाटतं आणि तीन वर्षांत स्वतःचा एकही ट्रॅक होत नाही. उलट काहीजण ट्रॅकवर ट्रॅक करत बसतात, पण माणसांसमोर एकदाही वाजवत नाहीत. मग आपलं गाणं नाचायला जमतंय की नाही हे त्यांना कळायला मार्गच नसतो. तेव्हा वही दोन ठेवा, पहिली गिगची (म्हणजे वाजवण्याच्या कार्यक्रमांची), दुसरी ट्रॅकची (म्हणजे स्वतःच्या गाण्यांची), आणि दर महिन्याला दोन्ही उघडा. खालचं सगळं या हिशेबाने वाचा.

पायरी १: यंत्राआधी कान

लॅपटॉप आणि बंद कप असलेला एक बरा हेडफोन, सुरुवातीला एवढं पुरतं. रेकॉर्डबॉक्ससारखं डीजेचं सॉफ्टवेअर फुकट उतरवता येतं. त्यात गाणी भरा आणि मोजायला लागा.

या संगीताचा बहुतेक सगळा डोलारा चारच्या पटीत असतो. चार ठोक्यांचा एक बार, आठ किंवा सोळा बारचा एक तुकडा. १२८ बीपीएमच्या (मिनिटाला १२८ ठोके) गाण्यात सोळा बार बरोबर ३० सेकंदांत संपतात, आणि गाण्यात काही नवं यायचं असेल, म्हणजे हाय-हॅट (ड्रमसेटची छोटी झांज), बेस (खालचा जाड सूर) किंवा गायकाचा आवाज, तर ते बहुधा या सांध्यावरच येतं. तबला किंवा ढोलकी शिकलेल्या मुलांना हे दोन दिवसांत जमतं, कारण समेवर येण्याची सवय अंगात असते. बाकीच्यांनी रोज बस-लोकलमध्ये बोटांवर मोजत गाणी ऐकावीत. पुढचा तुकडा कुठे सुरू होणार हे न बघता सांगता यायला लागलं की डीजेगिरीचं निम्मं काम झालं.

प्रकारांचे वेगही अंगवळणी पडू द्या. हाउस साधारण १२० ते १२८, टेक्नो १२५ ते १४०, ट्रान्स १३२ ते १४०, डबस्टेप १४०, ड्रम अँड बेस १७० च्या पुढे. 'मी सगळंच वाजवतो' हे लग्नाच्या बायोडेटात चालतं. क्लबमध्ये तुम्हाला कुठल्या रात्री बोलवायचं हे बुकिंग करणाऱ्याला कळलं पाहिजे.

पायरी २: खरेदी, आणि न करायची खरेदी

पहिला कंट्रोलर दोन चॅनेलचा, म्हणजे एका वेळी दोन गाणी चालवणारा, घ्या. पायोनियरचा डीडीजे-फ्लेक्स४ किंवा त्याच्या आधीचा डीडीजे-४०० जुन्या बाजारात चांगल्या अवस्थेत मिळतो, आणि त्यावरची बटणांची मांडणी क्लबमधल्या सीडीजे (मोठे डीजे प्लेअर) आणि मिक्सरच्या जवळची असल्याने पुढे हात अडखळत नाही. चार चॅनेल, रंगीत पॅड, मोटरवर फिरणारी तबकडी हे सगळं नंतर.

क्लबचे सीडीजे घरी विकत घेण्याच्या भानगडीत पडू नका. सराव करायचाच असेल तर तासावर भाड्याने मिळणारे स्टुडिओ पुण्या-मुंबईत आहेत. पहिल्या क्लब गिगआधी दोनदा तरी अशा ठिकाणी जाऊन या. सीडीजेवर लॅपटॉप नसतो. गाणी यूएसबीवर न्यायची असतात. ती पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, रेकॉर्डबॉक्सच्या एक्स्पोर्ट मोडमधून गाणी त्यावर चढवा, आणि तशीच दुसरी पेनड्राइव्ह खिशात ठेवा. नुसत्या फाइली ओढून टाकल्या तर तुम्ही लावलेल्या खुणा (क्यू पॉइंट) आणि ठोक्यांची आखणी (बीटग्रिड) सोबत येत नाही, आणि एनटीएफएस फॉरमॅट असेल तर प्लेअर ती ओळखतच नाही. अंधारात, मागचा डीजे शेवटच्या गाण्यावर आलेला असताना हे कळणं फार वाईट.

घरासाठी स्पीकर घेणार असाल तर आधी खोली बघा. दहा बाय दहाच्या खोलीत मोठा सबवूफर ठेवला की कोपऱ्यात बेस दुप्पट आणि मधोमध गायब असा प्रकार होतो. त्यापेक्षा पाच इंची मॉनिटर (स्टुडिओ स्पीकर) आणि चांगला हेडफोन बरा. शेजाऱ्यांशी संबंधही टिकतात.

पायरी ३: एक बदल, जवळून

मिक्सिंगवर हजार व्हिडिओ आहेत, म्हणून मी एकच बदल सावकाश सांगतो.

समजा डाव्या बाजूला १२४ चं गाणं चालू आहे आणि त्याचा शेवटचा ड्रॉप, म्हणजे ताल-बेस पूर्ण जोरात येतो तो भाग, संपत आलाय. उजवीकडचं गाणं १२६ चं. हेडफोनच्या एका कानात उजवं गाणं, दुसरा कान मोकळा. उजव्याचा टेम्पो फेडर (वेग बदलणारी सरकती पट्टी) खाली-वर करून १२४ वर आणा. डाव्याच्या नव्या तुकड्याच्या पहिल्या ठोक्यावर उजवं सोडा. आता ऐका: दोन्हींच्या किक (जाड ड्रमचे ठोके) एकमेकांवर बसल्या तर एकच घट्ट 'धप्प' ऐकू येतो, सरकल्या तर घोडा धावल्यासारखा दुहेरी आवाज. घोडा ऐकू आला की जॉग व्हीलला (गोल तबकडीला) हलकासा धक्का, पुढे किंवा मागे. सिंकचं बटण हे सगळं करून देतं आणि ते वापरण्यात काही पाप नाही. पण बीटग्रिड चुकीची बसलेली असली की सिंक बिनधास्त चुकीचं जुळवतं, आणि ते कानालाच कळतं.

आता उजव्याचा बेस नॉब पूर्ण खाली ठेवून आवाजाचा फेडर वर घ्या. सोळा बार दोन्ही गाणी एकत्र चालू द्या, पण बेस फक्त डाव्याचा. पुढच्या तुकड्याच्या पहिल्या ठोक्यावर डाव्याचा बेस खाली आणि उजव्याचा वर, एकाच क्षणी. दोन बेस एकत्र ठेवले की हॉलमध्ये नुसती घरघर होते आणि सिस्टिमचा लिमिटर (आवाजाला कमाल मर्यादेत दाबणारा भाग) चावायला लागतो. मग सावकाश डावं बाहेर. एवढंच. हा एक बदल न चुकता जमला की बाकीचे प्रकार आपोआप सुचतात.

सुरांची जुळणी हा पुढचा भाग. कॅमेलॉट चक्रात प्रत्येक स्केलला आकडा-अक्षर दिलेलं असतं. ८ए म्हणजे ए मायनर. ८ए वरून ७ए, ९ए किंवा ८बी ला गेलं की सहसा खटकत नाही. पण याचं स्तोम माजवू नका. एका गाण्यात त्या वेळी फक्त तालवाद्यं असतील तर कुठलंही स्केल चालतं, आणि आकडा जुळला म्हणून गाणी जुळतातच असं नाही.

मिक्सरवर लाल दिवे लागू देऊ नका. आवाज कमी वाटला तर साउंडवाल्या दादांना सांगा, मिक्सरवरचा गेन नॉब चढवू नका. साउंड इंजिनिअरशी पहिल्या मिनिटाला गोड बोलणं ही या क्षेत्रातली सर्वांत स्वस्त गुंतवणूक आहे.

पायरी ४: ट्रॅक पूर्ण करणं

इथे जास्त वेळ थांबू, कारण दुसरी वही इथेच रिकामी राहते.

सॉफ्टवेअर एकच निवडा. एफएल स्टुडिओ एकदा घेतलं की पुढच्या आवृत्त्या फुकट मिळतात. चाचणी आवृत्तीत प्रोजेक्ट सेव्ह होतो, पण विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही. एबलटन लाइव्ह मंचावर थेट वाजवायला सोयीचं. लॉजिक हवं असेल तर मॅक किंवा आयपॅड लागतो. कोणत्या सॉफ्टवेअरवर 'प्रोफेशनल' आवाज येतो हा वाद घालणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की अवीची आणि मार्टिन गॅरिक्स हे जगभर गाजलेले डीजे-प्रोड्युसर दोघंही एफएल स्टुडिओवर वाढले. चोरीच्या प्लगइन्सपासून (सॉफ्टवेअरला जोडायची वाद्यं आणि इफेक्ट) लांब राहा. व्हायरस हे एक कारण. दुसरं म्हणजे महिन्याभराने विंडोज अपडेट झाली की अर्धे प्रोजेक्ट उघडत नाहीत.

पहिला नियम: वाईट ट्रॅकसुद्धा पूर्ण करायचा. आठ बारचा भारी लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा) सगळ्यांकडे असतो, फोल्डर भरून असतो. लूपपासून गाण्यापर्यंत जाणं हे वेगळंच कौशल्य आहे. सोपा रस्ता असा: आवडत्या प्रकारातलं एक गाणं प्रोजेक्टमध्ये ओढा, त्याचे तुकडे मोजा, कुठे किक येते, कुठे सगळं थांबतं, कुठे ड्रॉप, तिथे तिथे खुणा करा. त्या सांगाड्यावर स्वतःचं साहित्य बसवा. सांगाडा कुणाच्या मालकीचा नसतो. आणि सुरुवातीला-शेवटी सोळा किंवा बत्तीस बार नुसता ताल ठेवा, म्हणजे दुसऱ्या डीजेला तुमचं गाणं मिक्स करता येईल. हे विसरलेली कितीतरी चांगली गाणी केवळ वाजवायला अवघड म्हणून बाजूला पडतात.

किक आणि बेस. दोघंही ४० ते १०० हर्ट्झच्या अरुंद जागेत राहतात, म्हणून भांडतात. किकचा मूळ सूर ऐका. ५५ हर्ट्झच्या आसपास असेल तर तो 'ए' आहे, आणि गाणंही ए मायनरमध्ये असेल तर निम्मं भांडण मिटलं. मग साइडचेन: किक वाजली की बेस क्षणभर दबतो आणि लगेच उठतो. तो दम घेतल्यासारखा झोका हीच या संगीताची चाल आहे. सुमारे १०० हर्ट्झखालचं सगळं मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज) ठेवा, कारण बऱ्याच क्लबमध्ये सब, म्हणजे खालच्या आवाजाचा स्पीकर, मोनोच असतो, आणि स्टिरिओ बेस तिथे स्वतःलाच खाऊन टाकतो.

आता आपल्या मातीतला आवाज. प्रोड्युसर क्रेटेक्स यांनी मराठी हाउसला 'एम-हाउस' असं नाव देऊन काम सुरू केलं आणि श्रेयस यांच्यासोबतचं 'तांबडी चामडी' २०२४ मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्स या डच लेबलवरून (संगीत कंपनीकडून) आलं. त्यानंतर हलगी-संबळ टाकलेल्या ट्रॅकची रांग लागली. बहुतेकांत एकच खोट दिसते: सॅम्पल पॅकमधला लूप वर चिकटवलेला, खाली युरोपातली किक, आणि दोघांची ओळखदेख नाही.

करून बघा असं. एखाद्या ढोलकीवाल्या काकांना तासभरासाठी रीतसर मानधन देऊन बोलवा. क्लिक ट्रॅक (वेग धरायची टिक-टिक) कानात दिला की बरेच वादक आखडतात. त्यापेक्षा नुसती किक ऐकवा आणि तिच्याशी वाजवायला सांगा. ढोलकीच्या धुमाला (जाड आवाजाच्या बाजूला) भरपूर खालचा आवाज असतो, तो किकवर आदळतो. १२० हर्ट्झच्या खाली कापून टाका, पण चाटेची टणक थाप तशीच ठेवा, गाणं ओळखू येतं ते तिच्यामुळे. आणि ताल सरळ ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या ठोक्यांच्या आखणीवर) ओढून बसवू नका. वादकाचा हात ठोक्याच्या किंचित मागे पडतो. तोच तर विकत घेतला तुम्ही.

कोळीगीतांचा मामला आणखी मजेशीर आहे. त्यातल्या बऱ्याच चाली सहा मात्रांच्या झोक्यात असतात आणि हाउस चारात. सरळ चारच्या ग्रिडवर ती चाल दाबून बसवली की होडी डोलायची थांबते. सॉफ्टवेअरची ग्रिड ट्रिपलेटवर (एका ठोक्याचे तीन भाग) टाका, किक पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवा. सहाच्या दोन आवर्तनांत चार किक होतात, पायाला चारचा ठेका मिळतो आणि वर झोकाही शाबूत राहतो. रायगड-ठाण्याच्या हळदीत वाजवणाऱ्या पोरांना हे कुठल्याही क्लासशिवाय येतं.

जाता जाता: मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडची टीबी-३०३ (बेस वाजवणारं) आणि टीआर-८०८ (ताल वाजवणारं) ही यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले होते. त्याच टीबी-३०३ वरून शिकागोत अॅसिड हाउस हा हाउसचा प्रकार नावारूपाला आला ते त्यानंतर काही वर्षांनी. रेकॉर्ड तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये ते पुन्हा निघालं तेव्हा जगभरचे लोक चक्रावले. नवं यंत्र हातात आल्यावर त्यांनी परदेशी गाण्याची नक्कल केली नाही, एवढीच नोंद घ्या.

ट्रॅकचा मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांचा समतोल, झाला की लगेच मास्टरिंगला, म्हणजे त्यावरच्या शेवटच्या हाताला, पळू नका. सर्वांत मोठा आवाज शून्याच्या सहा डेसिबल खाली राहील एवढी जागा सोडा आणि २४ बिटची वेव्ह फाइल काढा. दोन दिवसांनी गाडीत, फोनच्या स्पीकरवर आणि जमल्यास एखाद्या क्लबच्या साउंडचेकमध्ये ऐका. फोनवर बेसलाइन गायबच होत असेल तर तिच्यात थोडं डिस्टॉर्शन (मुद्दाम आणलेली खरखर) घालून वरचे स्वर आणा. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ लफ्सच्या (गाण्याच्या एकूण दणक्याचं माप) पातळीला आणून वाजवतं, तर क्लबसाठीचे ट्रॅक उणे ९ ते उणे ६ पर्यंत चढवलेले असतात. म्हणून स्ट्रीमिंगच्या आकड्यासाठी डान्स ट्रॅक मवाळ करण्यात अर्थ नाही. तुमच्या ट्रॅकसोबत वाजवले जाणारे बाकीचे ट्रॅक किती दणकट आहेत ते बघा.

पायरी ५: हक्क, मग रिलीज

कुठल्याही गाण्यात दोन मालक्या असतात: एक रचनेची, म्हणजे शब्द आणि चाल, आणि दुसरी ध्वनिमुद्रणाची. भारतात रचनेचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो आणि ध्वनिमुद्रणाचा ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. 'पारंपरिक गाणं आहे, कुणाच्या बापाचं नाही' हे ओवी-गवळणीच्या बाबतीत खरं असेलही. पण तुम्ही कॅसेटवरून उचललेलं मुद्रण कंपनीचं असतं. तीच ओवी गावातल्या एखाद्या आजींकडून स्वतः रेकॉर्ड करून घ्या, मानधन द्या, आणि साध्या मराठीत एका कागदावर सही घ्या: आवाज कशासाठी वापरणार, पैसे एकदाच की टक्केवारीने, नाव कुठे येणार. ढोलकीवाल्या काकांचाही तोच कागद.

विनापरवानगी रीमिक्स यूट्यूबवर टाकला तर बहुधा जाहिरातीचे पैसे मूळ मालकाकडे वळतात किंवा व्हिडिओ उडतो. तोच स्पॉटिफायवर चढवला तर डिस्ट्रिब्युटर (गाणी अॅपवर पोचवणारी सेवा) तुमचं खातंच बंद करू शकतो, आणि मग स्वतःची गाणीही जातात. रीमिक्स गिगसाठी ठेवा, रिलीज स्वतःचं करा.

रिलीजसाठी डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर अशी कुठलीही सेवा चालते. प्रत्येक मुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. तारीख चार आठवडे पुढची घ्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर रिलीजच्या किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं. तिथे २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम न झालेल्या ट्रॅकला रॉयल्टी मिळत नाही. तेव्हा दर आठवड्याला अर्धवट ट्रॅक ओतत बसण्यापेक्षा तीन महिन्यांत एक, पण नीट.

स्वतःची चाल असेल तर आयपीआरएसचं सभासदत्व घ्या. ही गीतकार-संगीतकारांची संस्था आहे. तुमची रचना कुठे सार्वजनिक वाजली तर त्या बाजूची रॉयल्टी तिच्यामार्फत येते. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानेच रचनाकाराचा हा वाटा राखून ठेवला आहे. त्यामुळे 'सगळे हक्क कायमचे आमचे' असं लिहिलेल्या करारावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

लेबलला डेमो पाठवताना फाइल जोडू नका. साउंडक्लाउडची खासगी लिंक द्या, दोन ओळी लिहा, एकच ट्रॅक पाठवा. त्या लेबलची मागची दहा गाणी आधी ऐकलेली असावीत. उत्तर बहुतेक वेळा येत नाही. तीन आठवडे थांबा आणि पुढच्या लेबलकडे वळा. लेबलशिवायही रस्ता आहे: भारतीय प्रोड्युसर न्यूक्लिया यांनी २०१५ मध्ये 'बास रानी' हा आख्खा अल्बम फुकट डाउनलोडला ठेवला होता. गाणी हातोहात पसरली आणि गर्दी शोला आली.

पायरी ६: गिग मिळवणं आणि निभावणं

मुख्य वेळेला वाजवायला पहिल्यांदा कुणी बोलवत नाही. बोलावणं येतं ते नऊ ते अकराचं, हॉल रिकामा असताना. त्या वेळेला कमी समजू नका. ११८-१२० च्या आसपास राहा, गाणी कमी ओळखीची ठेवा, लोकांना बोलता येईल इतकाच आवाज. मुख्य पाहुण्याचे गाजलेले ट्रॅक आधीच वाजवून टाकणाऱ्या ओपनरला दुसऱ्यांदा फोन येत नाही. आपल्याकडे बहुतेक पब रात्री दीडला बंद होतात, त्यामुळे मुख्य सेट अवघा दीड-दोन तासांचा असतो. त्यासाठी गर्दी तापवून पण न दमवता हातात देणारा माणूस आयोजकांच्या लक्षात राहतो.

गोव्याचं गणित निराळं. हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर नव्वदच्या दशकात गोवा ट्रान्स घडलं, २००७ मध्ये सनबर्न या संगीत महोत्सवाची सुरुवात कांदोळीला झाली, आणि आजही हंगामात तिथे रोज कुठे ना कुठे वाजवणारा लागतो. पण हंगाम म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च. पावसाळ्यात काय करणार ते आधी ठरवून मगच खोली भाड्याने घ्या.

पहिली वही भरते ती मात्र लग्नांत. क्लबवाले याला नाक मुरडतात, मुरडू द्या. हळदीच्या रात्री अंगणात एकाच वेळी आजी, कॉलेजची पोरं आणि नवरदेवाचे कंपनीतले मित्र असतात, आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी येऊन म्हणतं, "दादा, एक आगरी-कोळी होऊन जाऊ दे ना." या गर्दीला तीन तास धरून ठेवणाऱ्याला क्लबची गर्दी सोपी वाटते. फरमाईश आली की 'नाही' म्हणू नका. "काका, दोन गाण्यांनंतर घेतो" म्हणा आणि खरंच घ्या.

पैशाचं बोलणं असं करा. व्हॉट्सअॅपवर तारीख, जागा, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, साउंड कुणाचा, प्रवास-मुक्काम कुणाचा हे सगळं एका मेसेजमध्ये लिहून 'कन्फर्म' मागा. निम्मे पैसे तारीख अडवताना, उरलेले वाजवायला सुरुवात करण्याआधी. कार्यक्रम संपल्यावर वधूपिता दमलेला असतो, आयोजक सापडत नाही आणि पाकीट 'उद्या' वर जातं. वेळ वाढवली तर दर तासाचा आकडाही त्याच मेसेजमध्ये असू द्या. 'एक्स्पोजर मिळेल' म्हणणाऱ्याकडे फुकट वाजवायचंच असेल तर बदल्यात काहीतरी ठोस मागा: पोस्टरवर नाव, सेटचं मुद्रण, किंवा पुढची पैसेवाली तारीख.

कायद्याचं एवढं माहीत हवंच. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. बंदिस्त सभागृहाला त्यातून सूट आहे, आणि सण-उत्सवांसाठी सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. लॉनवरच्या लग्नात दहाला बंद हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे पोलीस आल्यावर कुणी तुमच्याकडे बोट दाखवणार नाही. शक्य असेल तर पावणेदहाला वरातीचं शेवटचं गाणं लावा. आपोआप संपल्यासारखं वाटतं. संगीत वाजवण्याचे परवाने, म्हणजे पीपीएल (ध्वनिमुद्रणांचे हक्क बघणारी संस्था), आयपीआरएस वगैरे, जागेचे मालक किंवा आयोजक बघतात, पण ते तुमच्यावर नाहीत हे मेसेजमध्ये लिहिलेलं असावं. लग्नविधी आणि त्याच्याशी जोडलेल्या समारंभांना कॉपीराइट कायद्यात सूट आहे. कंपनीच्या पार्टीला नाही.

पायरी ७: हिशेब

पहिल्या गिगपासून बिल द्या, रोख मिळाले तरी. कंपनी किंवा क्लब वर्षभरात ठराविक मर्यादेपुढे पैसे देत असेल तर बहुधा १० टक्के टीडीएस कापतो: ६०,००० च्या बिलावर ५४,००० हातात येतात. ते ६,००० बुडालेले नसतात. विवरणपत्र भरलं की हिशेबात धरले जातात किंवा परत मिळतात. कितीतरी पोरं विवरणपत्रच भरत नाहीत आणि हे पैसे सोडून देतात. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते.

गिगच्या प्रत्येक रकमेतून एक ठरलेला हिस्सा दुसऱ्या वहीत टाका: मास्टरिंग, वादकांचं मानधन, कव्हरचं चित्र, वकील. मी तरी हा हिस्सा नव्या यंत्रांना लागू देत नाही. आणि आठवड्यातले दोन दिवस असे राखा की त्या दिवशी गिग कितीही चांगलं आलं तरी ट्रॅकच. डिसेंबरात हे पाळणं कठीण जातं, जुलैत सोपं. म्हणून वर्षाचा बराचसा ट्रॅकचा कामधाम पावसाळ्यात उरकावा.

पायरी ८: कान आणि झोप

अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलला आठ तास सुरक्षित, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. बूथमध्ये तेवढा आवाज सहज असतो. संगीतकारांसाठीचे फिल्टरवाले इअरप्लग घ्या, बूथमधला मॉनिटर स्पीकर गाणं बदलतानाच वाढवा, बाकी वेळ खाली. कानात शिट्टी वाजत राहिली तर ती थकवा नाही. कानाच्या डॉक्टरांना दाखवा. गेलेलं ऐकणं परत येत नाही.

अवीचीने २०१६ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, तब्येतीमुळे दौरे थांबवले. २०१८ मध्ये तो गेला. एवढ्या उंचीवर आपण नसू, पण सलग चार रात्री जागून पाचव्या सकाळी बसने दुसऱ्या शहरात जाणं हे इथल्या डीजेंनाही चुकत नाही. फुकटची दारू हा मानधनाचा भाग नाही. घरी यायला ड्रायव्हर किंवा कॅब ही मात्र मागायचीच गोष्ट.

पायरी ९: मॅनेजर कधी

महिन्याची बुकिंगं स्वतःला सांभाळेनाशी झाली की. त्याआधी जो 'मी तुला मोठा करतो' म्हणत येतो, त्याच्याकडे देण्यासारखं बहुधा काही नसतं. करार करताना तीन ओळी शोधा. पहिली, टक्केवारी कशावर: एकूण बिलावर की प्रवास-साउंडचा खर्च वजा जाऊन उरलेल्या रकमेवर? दुसरी, फक्त त्याने आणलेल्या गिगवर, की तुमच्या मावसभावाच्या हळदीवरसुद्धा? तिसरी, करार संपल्यावर किती काळ वाटा चालू राहणार, आणि त्यात ट्रॅकची रॉयल्टी धरली आहे का? गिगवर १५-२० टक्के ऐकायला मिळतात, ते ठीक. रॉयल्टीचा शब्द करारात दिसला, तर ती ओळ खोडून मगच सही करा.